विश्लेषण : अंतराळातला कॅमेरा ‘जादा सामान’ होता का?

आज आपण चहाच्या कपाचाही फोटो काढतो. पण २० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकेचे जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळचा कॅमेरा फ्लोरिडातल्या एका दुकानातून सुमारे ४० डॉलरला घेतलेला होता. तोवर यान नीट चालवणे हेच अंतराळवीराचे काम मानले जाई; फोटो ही दुय्यम बाब होती.

हातमोजे घालून फोटो कसा काढला?

ग्लेन यांचा अॅन्स्को ऑटोसेट हा ३५ मिमी फिल्मचा साधा कॅमेरा. किती प्रकाश घ्यायचा हे तो स्वतःच ठरवत असे. पण स्पेससूटच्या जाड हातमोज्यांनी त्याची बारीक बटणे हाताळणे कठीण. म्हणून नासाच्या अभियंत्यांनी तो उलटा करून त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि चाप बसवला. चाप ओढला की फोटो!

हॅसलब्लाड कसा आला?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉली शिरा यांनी ह्यूस्टनच्या दुकानातून घेतलेला स्वीडिश हॅसलब्लाड ५००सी सोबत नेला. चकाकी टाळण्यासाठी त्याला काळा रंग दिला होता. पुढे हीच कंपनी अपोलो मोहिमांना कॅमेरे पुरवू लागली.

त्यातून काय मिळाले?

डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या वेळापत्रकात चंद्राच्या पृष्ठभागाची छायाचित्रे होती. क्षितिजावर उगवणारी निळी पृथ्वी त्यात नव्हती. बिल अँडर्स यांनी ती पाहिली, घाईने रंगीत फिल्म मागून घेतली आणि टिपली. अपोलो ११ मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ नील आर्मस्ट्राँग यांच्याकडे राहिला. परिणामी चंद्रावर पहिले पाऊल टाकणाऱ्याचेच तिथले चांगले फोटो मोजके आहेत. परतताना वजन वाचवण्यासाठी कॅमेरे चंद्रावरच सोडले. फिल्म मात्र आणली.

आपल्यासाठी धडा कोणता?

मौल्यवान काय, हे त्या फिल्मनेच सांगितले. यंत्राला नेमून दिलेले तेवढेच ते टिपते. अनपेक्षित दृश्य पाहून थबकतो तो माणूस. ‘गगनयान’मधून भारतीय अंतराळवीर जातील, तेव्हा त्यांच्या वेळापत्रकात प्रयोगांबरोबर थोडा मोकळा वेळ असावा. खिडकीबाहेर पाहण्यासाठी, आणि हाती कॅमेरा घेण्यासाठी.