कुंपण आणि पिंजरा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मराठी माणसाने नेहमी तुच्छतेनेच वापरली आहे. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला हिणवण्यासाठीही त्याला सरडाच आठवतो. या उपेक्षित प्राण्याला अलीकडे मात्र अनपेक्षित प्रतिष्ठा लाभू लागली आहे. ‘शॅमेलिऑन’ या परकीय नावाने तो मोबाइलच्या पडद्यावर, जाळीच्या सुबक पेटीत शोभेच्या रोपट्यावर बसलेला दिसतो. ते पाहून नांदेड-लातूरसारख्या शहरांतील एखाद्या विद्यार्थ्याला असा प्राणी आपल्याही घरी असावा असे वाटले, तर त्यात नवल नाही. प्राण्याविषयी कुतूहल वाटणे हा दोष नव्हे. परंतु कुतूहलाचे रूपांतर मालकीत होऊ लागले की हिशेब मांडावा लागतो.

पहिला हिशेब कायद्याचा. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती असल्या, तरी भारतात नैसर्गिकपणे आढळणारी जात एकच. तिला मराठीत घोयरा सरडा म्हणतात. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवणारा, फांदीला शेपटीचा वेढा घालून डुलत चालणारा आणि शरीराहून लांब जीभ फेकून कीटक टिपणारा हा प्राणी निरुपद्रवी आहे. त्याला विष नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ ठार मारणे येत नाही. पकडणे आणि सापळा लावणेही येते. म्हणजेच शेतातून उचलून खोक्यात ठेवलेला घोयरा हा कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी नव्हे, तर गुन्ह्याचा पुरावा होय. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्यातील सर्वसाधारण दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली आहे. कैदेची तरतूद त्याखेरीज आहेच.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, देशी प्राणी नको, तर येमेनचा किंवा मादागास्करचा, पिंजऱ्यातच जन्मलेला शॅमेलिऑन पाळावयास काय हरकत आहे? हा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. आंतरराष्ट्रीय कराराने ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे, अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याची सोय २०२४ च्या नियमांनी केली आहे. मात्र परवानगीच्या कागदाने प्राणी जगत नाही. तो कशाने जगतो, हे पाहिले म्हणजे दुसरा हिशेब सुरू होतो.

शॅमेलिऑनला जिवंत कीटक लागतात. रातकिडे, नाकतोडे यांचा पुरवठा अखंड राहिला पाहिजे, त्या कीटकांनाही आधी सकस पाला खाऊ घातला पाहिजे आणि त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरली पाहिजे. भांड्यात साचलेले पाणी तो सहसा पीत नाही; पानांवरून ओघळणारे थेंब टिपतो. म्हणून दिवसातून अनेकदा पानांवर तुषार उडवावे लागतात. अतिनील किरणे देणारा विशिष्ट दिवा नसेल, तर मुडदूस झालेल्या बालकाप्रमाणे त्याची हाडे मऊ पडून वाकतात. हवा खेळती हवी आणि पेटीत तो एकटाच हवा. स्वजातीयाचे नुसते दर्शनही त्याला ताण देते. हातात घेणे, कुरवाळणे हेही त्याला सोसत नाही. जो रंगबदल पाहून घरची मुले टाळ्या पिटतात, तो पुष्कळदा भीतीचा अथवा आजाराचा रंग असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावी ही व्यवस्था किती घरांना झेपेल? उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. परंतु गावोगावचा पशुवैद्यक गाईबैलांच्या दुखण्यात मुरलेला असतो. सरड्याचे वाकलेले हाड त्याने कोठे पाहिलेले असणार?

तिसरा हिशेब बाजाराचा. चोरट्या व्यापारात आकारली जाणारी किंमत ही प्राण्याची किंमत नसतेच. पकडणाऱ्याची मजुरी, वाहतूक आणि मध्यस्थाचा नफा यांची ती बेरीज असते. वाटेत गुदमरून मेलेल्यांचा आणि ज्या रानातून ते नाहीसे झाले त्या रानाचा तोटा कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. खर्च एकाने करावा आणि हानी दुसऱ्याने सोसावी, असा हा व्यवहार आहे. येथे मागणीच पुरवठा जन्माला घालते. म्हणून विकत घेणारा सुशिक्षित माणूस पकडणाऱ्या अडाण्याहून कमी जबाबदार ठरत नाही.

तथापि केवळ ‘पाळू नका’ एवढे सांगून कर्तव्य संपत नाही. मराठवाड्यात घोयऱ्याला पिंजऱ्याइतकेच, किंबहुना अधिक भय धुऱ्याच्या नाशाचे आहे. राज्यात वनक्षेत्र सर्वांत कमी असणाऱ्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. नांदेडला निदान किनवटचे जंगल आहे. लातूरला जे काही रान उरले, ते धुऱ्यावरच्या बोरी-बाभळींत आणि काटेरी कुंपणांत. सोयाबीनचे एक तास वाढावे म्हणून तेही तोडले जाते आणि त्या जागी तार येते. अंडी घालण्यासाठी मादीला झाडावरून उतरून जमीन उकरावी लागते. तेव्हा ती रस्त्यावर चिरडली जाते, अथवा विषारी समजून काठीखाली मरते. पिकावरचे किडे खाणारा हा बिनपगारी राखणदार घालवून आपण कीटकनाशकांची उधारी वाढवत आहोत, हे कोणी शेतकऱ्याला सांगावयास नको काय?

ते सांगण्याचे काम शाळा-महाविद्यालयांनी करावे. जीवशास्त्राच्या शिक्षकाने मुलांना पिंजऱ्यापाशी नव्हे, तर धुऱ्यापाशी न्यावे. जखमी घोयरा आढळल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे, एवढे तरी प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावे. ज्याला त्याचे खरोखरच संगोपन करावयाचे आहे, त्याने अंगणात एक बोर आणि शेताच्या बांधावर एक बाभूळ राखावी. तेथे अन्नाची, पाण्याची व उन्हाची व्यवस्था निसर्ग फुकट करतो.

सरड्याची धाव कुंपणापर्यंतच असते, हे खरे. पण त्याने धावून पोहोचावे असे कुंपण तरी आपण शिल्लक ठेवणार आहोत की नाही?