ठासणीच्या बंदुकीने भात राखून होईल काय?

भात निसवले, दाणा चिकात आला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत रानालगतच्या खाचरांवर रानडुकरांची धाड सुरू होते. डोळखांब, खर्डी, टोकावडे, धसई, कुठेही जा, गाऱ्हाणे एकच. कळप खातो थोडे आणि तुडवून नासवतो जास्त. परड्यातली रताळी तर नांगर फिरवल्यासारखी उकरून टाकतो. माळ्यावर बसून डबे वाजवायचे, हाकारे घालायचे, तरी पहाटे जरा डोळा लागला की कार्यभाग झालाच. मग पारावर विषय निघतो तो बंदुकीचा. ठासणीची एखादी मिळाली आणि बार नीट भरता आला की डुकरं पुन्हा फिरकायची नाहीत, असे म्हणणारे गावोगाव भेटतात. या म्हणण्यात तथ्य किती, ते पाहू.

पहिला प्रश्न नेमाचा. नेम नुसता हाताचा नसतो, बाराचाही असतो. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही आहे. अशा कारखान्यात काडतुसात दारू किती, गोळीचे वजन किती, हे एकसारखे राखतात आणि नमुने उडवून तपासतात. परदेशात हौशी नेमबाज व शिकारी घरी काडतुसे भरतात. तेही काट्यावर वजन करून, एकेक बार कागदाच्या लक्ष्यावर तपासून, त्यांच्या देशाच्या कायद्यात राहून. आपल्याकडे चोरून भरलेला बार अंदाजाने भरला जातो. दारू कधी सर्दावलेली, छर्रे लहान-मोठे, ठासणी कधी घट्ट तर कधी सैल. एक बार पुढे जातो, दुसरा अलीकडेच पडतो, तिसरा नळी फोडून भरणाऱ्याचाच हात नेतो. शिवाय रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, म्हणून गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. ठासणीच्या साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, तिच्याकडून तशा नेमाची अपेक्षाच चुकीची.

त्यात वेळ रात्रीची, भात कमरेएवढे, डुक्कर पळते, हातात बॅटरी. जखमी डुक्कर उलटून अंगावर येते, हे रानातल्या माणसाला सांगायला नको. आणि चुकलेली गोळी बांधावर थांबत नाही. पलीकडच्या माळ्यावर दुसरा शेतकरी राखणीला बसलेला असतो. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गटातल्या एकाने डुक्कर समजून गोळी झाडली, ती सोबत्यालाच लागली आणि तो प्राणाला मुकला. मेला तोही गावकरी आणि गुन्हा लागला तोही गावकऱ्यांनाच.

दुसरा प्रश्न कायद्याचा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे, हे अनेकांना माहीत नसते. परवाना जिल्हाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. पण त्याच दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप केली. भाताचे नुकसान एका हंगामाचे, हे नुकसान आयुष्याचे.

आणि नीट लक्षात घ्या, बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी मारण्याची परवानगी देऊ शकतात, पण ती लेखी आणि कारणासह. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता, त्याचे वाटे घालता येत नाहीत. जीव वाचवताना जनावर मेले तर तो गुन्हा धरत नाहीत. मात्र त्या वेळी माणूस स्वतःच कायदा मोडत असेल, तर ही सवलत त्याला मिळत नाही. तानसा अभयारण्याच्या हद्दीत तर शिकारीची शिक्षा आणखी कडक आहे. फासे लावणे, विष घालणे हेसुद्धा कायद्याने शिकारच.

परवाना असला तरी अडचण सुटते असे नाही. निवडणुका लागल्या की अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे भात पिकते आणि कापणीला येते तेच दिवस. ज्या शेतकऱ्याने सगळी भिस्त बंदुकीवर ठेवली, त्याची राखण त्या वेळी उघडी पडते.

बंदूक नाही म्हणून काहीजण गावठी बॉम्बकडे वळतात. २०२० मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात स्फोटके भरलेले फळ गाभण हत्तिणीच्या तोंडात फुटले आणि ती मेली. आपल्याकडे तेच गुरे राखणाऱ्या पोराच्या हाताखाली फुटू शकते. खांबावरून थेट वीज कुंपणात सोडणे त्याहून वाईट, कारण ती डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही.

शेतकऱ्याचा राग मात्र खोटा नाही. कायदा पाळायला सांगायचे आणि अर्ज फायलीत पडू द्यायचा, हे चालणार नाही. केरळ सरकारने २०२२ मध्ये उपद्रवी रानडुकराबाबत परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत आणला. निर्णय गावाजवळ आला की चोरटी बंदूक आपोआप मागे पडते. आपल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरण्यासारखी आहे.

तोवर गावाच्या हाती जे आहे ते करावे. डुकरांचा उपद्रव असलेले गट नंबर लिहून भात निसवण्याआधीच ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि कलम ११ च्या मागणीसह तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. नुकसान झाले की फोटो काढून वन खात्याकडे लगेच अर्ज करावा, तीन दिवस उलटू देऊ नयेत. पंचनाम्याआधी शेत आवरू नये. वन्यप्राण्यांचे नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यातही ७२ तासांत कळवण्याची अट आहे आणि कोणते प्राणी, कोणते भाग हे राज्याने ठरवायचे आहे. तेव्हा आपला तालुका त्या यादीत आहे का, हे विमा भरतानाच विचारून घ्या. सौर कुंपण एकेकट्याने घातले तर कळप शेजारच्या खाचरात शिरतो. चार-पाच खातेदारांनी मिळून सलग घातले तर खर्च वाटला जातो आणि राखणही सोपी होते. पात्र गावांत त्यासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. अर्ज भरताना अडले तर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि कृषी खात्याचा गावचा माणूस यांना हक्काने बसवून घ्या, ते त्यांचे कामच आहे.