मोबाइलवरचा धंदा : गिऱ्हाईकाला दुकान दाखवा, घर नको

मुरुम : शेळी विकायची असो की शेंगा चटणीचं पाकीट, त्यासाठी आठवडी बाजाराची वाट पाहावीच लागते, असं आता राहिलेलं नाही. फोटो काढायचा, खाली भाव आणि मोबाइल नंबर लिहायचा आणि चार-पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. मुरुम तर कर्नाटकच्या सीमेला लागून. सोलापूर-लातूरइतकेच आळंद, कलबुर्गीकडूनही फोन येऊ शकतात. धंद्याला हे चांगलंच आहे.

पण एक गोष्ट बदलली आहे. बाजारात गिऱ्हाईक समोर उभं असतं. कुठल्या गावचं, कोणाच्या ओळखीचं, हे दोन वाक्यांत कळतं. मोबाइलवर उलटं होतं. विकणाऱ्याचा नंबर, गाव, गोठा, बँकेतलं नाव हे सगळं गिऱ्हाईकाला दिसतं आणि गिऱ्हाईक कोण आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं. ऑनलाइन फसवणूक म्हटलं की पैसे भरून माल न मिळालेला माणूस आठवतो. माल विकणाराही तितकाच फसतो, याची चर्चा मात्र कमी होते.

पैसे यायचे होते, गेले

फेब्रुवारी २०२१ मधली गोष्ट. दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. गिऱ्हाईकाने आधी किरकोळ रक्कम पाठवून विश्वास बसवला. मग एक क्यूआर कोड पाठवला आणि ‘स्कॅन करा, पैसे येतील’ असं सांगितलं. आले नाहीत, उलट २० हजार गेले. ‘चुकून झालं’ म्हणत दुसरा कोड आला, त्यात आणखी १४ हजार गेले. एकूण ३४ हजार. पुढे पोलिसांनी संशयितांना अटकही केली. मुख्यमंत्र्यांच्या घरात जे घडलं, ते आपल्या गावात घडणार नाही असं समजायचं कारण नाही.

हीच चाल ‘मिलिटरीवाला’ बनूनही खेळली जाते. ‘मी फौजेत आहे, ड्युटीमुळे येता येत नाही, गाडी पाठवतो, पैसे आधी घ्या’ असं म्हणत ओळखपत्राचा फोटो पाठवला जातो. भाव अजिबात केला जात नाही. न बघता, घासाघीस न करता शेळी किंवा गाय घेणारं गिऱ्हाईक बाजारात कधी भेटलंय का? मग मोबाइलवरच कसं भेटतं?

यूपीआयचा नियम एका ओळीचा आहे : पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची ‘मागणी’ पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर कोडची वाट मात्र उघडी आहे. शिवाय पैसे भरल्याचे खोटे मेसेज आणि खोटे स्क्रीनशॉट बनवता येतात. म्हणून स्क्रीनशॉट बघून माल गाडीत चढवू नका. आधी बँकेतली शिल्लक बघा.

आणखी एक धोका फाइलचा. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून फाइल आली. ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती, मोबाइलचा ताबा घेणारं अ‍ॅप होतं. अनोळखी नंबरवरून ऑर्डरची यादी, पत्ता, फोटो येणं हे विकणाऱ्याचं रोजचंच काम, म्हणून त्याचा हात अशा फाइलवर लवकर पडतो. फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती उघडायचीच नाही. ‘यादी टाइप करून पाठवा’ म्हणायचं.

लाडक्या बहिणीचं खातं वेगळं ठेवा

घरोघरी एकच खातं असतं. त्यातच ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये, त्यातच पीएम किसान, त्यातच दुधाचं बिल आणि त्याच खात्याला यूपीआय जोडलेलं. खरी जोखीम इथे आहे. कोणी १९३० वर तक्रार केली की चोरीचा पैसा कोणकोणत्या खात्यांतून गेला याचा माग काढतात आणि त्या खात्यांतली रक्कम रोखली जाते. आता समजा, एखाद्या गिऱ्हाईकाने १,००० ऐवजी १०,००० टाकले आणि ‘चुकून गेले, उरलेले या दुसऱ्या नंबरवर परत करा’ म्हणाला. आलेला पैसा दुसऱ्याच कोणाचा चोरलेला असू शकतो. तो पुढे पाठवला की आपलं खातंही त्या साखळीत येतं. अशा वेळी स्वतःहून परत पाठवू नका, बँकेत जाऊन लेखी कळवा आणि ऑर्डरचे मेसेज, बिल जपून ठेवा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे धंद्यासाठी दुसरं खातं. यूपीआय फक्त त्यालाच जोडायचं आणि त्यात गरजेपुरतीच रक्कम ठेवायची. अनुदानाचं खातं मोबाइलपासून लांब राहिलं, तर एका चुकीत सगळ्या घराचा खर्च अडकत नाही.

नंबर एक, वाटा अनेक

घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर एकच असेल, तर रात्री अकराला येणारा ‘भाव काय?’ हा फोन घरातच येतो. मुलांचे फोटो, यात्रेचं स्टेटस, ‘आम्ही सगळे पंढरपूरला’ हे सगळं नंबर सेव्ह केलेलं अनोळखी गिऱ्हाईकही बघू शकतं. धंद्याला वेगळं सिम घ्यावं. जमत नसेल तर स्टेटस आणि प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्या नंबरांना दिसेल अशी सेटिंग तरी करावी. व्हॉट्सअ‍ॅपची दोन टप्प्यांची पडताळणीही चालू ठेवावी.

उस्मानाबादी शेळीला मागणी आहे, हे चोरालाही माहीत आहे. जाहिरातीत किती शेळ्या, गोठा शेतात आहे की घरामागे आणि वर लोकेशन, असं सगळं एकदम टाकू नका. शेळीचा फोटो पुरे. सौदा दिवसा, चार माणसांत, शक्यतो बाजारात किंवा चौकात करावा.

बचत गटाच्या ताईंना आणखी एक त्रास होतो. ऑर्डरच्या नावाखाली नको ते मेसेज, वेळी-अवेळी व्हिडिओ कॉल. ‘गिऱ्हाईक तुटेल’ म्हणून तो सोसायचं कारण नाही. नकार दिल्यावरही महिलेशी वारंवार संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदाच असला तरी ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एकदा लेखी ‘संपर्क करू नका’ कळवा, स्क्रीनशॉट ठेवा आणि मग नंबर ब्लॉक करा. तातडीच्या वेळी ११२.

सगळंच झाकता येत नाही

इथे एक अडचण आहे. खाण्याच्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि अन्न परवान्याचा नंबर कायद्यानेच छापावा लागतो. गिऱ्हाईकाचा तो हक्क आहे. म्हणून लपून धंदा करा, असा याचा अर्थ नाही. पापड-चटणी घराऐवजी गटाच्या कामाच्या जागेत बनत असेल, तर नोंदणी आणि पत्ता त्या जागेचा घेता येईल. आधार-पॅन, पासबुकचा फोटो, ओटीपी मात्र कोणत्याही गिऱ्हाईकाला लागत नाही. एखाद्या कंपनीला आधार द्यावंच लागलं, तर शेवटचे चार आकडेच दिसणारं ‘मास्क्ड’ आधार चालेल का, ते आधी विचारा.

हाच न्याय उलटही लागतो. गिऱ्हाईकाचा नंबर आणि पत्ता ही विकणाऱ्याकडची ठेव आहे. ऑर्डरचा स्क्रीनशॉट पत्त्यासकट ग्रुपवर टाकणं बरं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

गेलेच, तर पहिला तास

पैसे गेले की आधी १९३० ला फोन, मग बँक, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. लाज वाटून दोन दिवस थांबलं की पैसा दहा खात्यांत पसरतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की, आपण स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी राहील. म्हणजे उशिराचा प्रत्येक तास खिशातून जातो. चोर झारखंडचा असो की राजस्थानचा, तक्रार मुरुम पोलीस ठाण्यातही देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही.

बाजारात आपण गिऱ्हाईकाला माल दाखवतो, भाव सांगतो, चहाही पाजतो. तिजोरीची किल्ली कुठे आहे, ते सांगत नाही. मोबाइलवरही तेवढंच पाळायचं आहे.