चाकू घासू नका, वाचा!

वारशात घडीच्या चाकूंचा डबा हाती आला की लोक तीन गोष्टी करतात. एक, चाकू घासून लख्ख करतात. दोन, भावंडांत वाटून टाकतात. आणि तीन, "याचे किती येतील हो?" असं भेटेल त्याला विचारत सुटतात. माझं स्पष्ट मत आहे की डबा हाती आल्यावरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तरी या तिन्ही गोष्टींवर बंदी असावी. त्या दोन दिवसांत काम एकच करायचं, ते म्हणजे चाकू वाचणं.

हो, वाचणंच. आमच्या धंद्यातल्या मंडळींना हे लगेच पटेल. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड गळ्यात पडतो, लिहिणारा केव्हाच गेलेला, कॉमेंट्स नावाला नाहीत. नवशिका पहिल्याच दिवशी 'साफसफाई' काढतो. मुरलेला माणूस पहिल्या दिवशी कशालाही हात लावत नाही. आहे तसं जपून ठेवतो आणि वाचत बसतो. वारशाचा डबा हा असाच लेगसी कोड आहे. फरक इतकाच की इथे बॅकअप नाही!

आता चाकूत वाचण्यासारखं काय असतं? अमेरिकेत अशा डब्यांत हमखास सापडणारं नाव म्हणजे केस (डोक्यावरचे नव्हेत). डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही कंपनी १९०५ पासून पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावात आहे. हिचा चाकू उघडा आणि पातं मुठीला जिथे मिळतं तिथला चपटा भाग बघा. त्याला टँग म्हणतात. तिथे कंपनीचा शिक्का असतो. १९४० ते १९६४ पर्यंत नुसतं 'केस एक्सएक्स'. १९६५ पासून त्याखाली 'यू.एस.ए.'. १९७० साली त्याच्याही खाली दहा ठिपके आले आणि मग दर वर्षी एक ठिपका गळत गेला. १९७१ ला नऊ, १९७२ ला आठ, असं करत १९७९ ला एकच उरला. १९८० ला पुन्हा दहा, पण या वेळी नावातला 'एस' विजेसारखा नागमोडी. काय झकास व्हर्जन नंबर आहे बघा! शिवाय पात्यावर मॉडेलचा आकडा असतो. ६३४७ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, आणि ४७ हा घाटाचा नंबर.

एवढं कळलं की गल्लोगल्ली तज्ज्ञ तयार होतात. भिंग लावतात, ठिपके मोजतात आणि साल ठोकून मोकळे! यांच्यावर माझा घासणाऱ्यांपेक्षाही जास्त राग आहे, कारण घासणारा निदान शास्त्राचा आव आणत नाही. अहो, कारखान्यात शिक्का बदलला म्हणून आधी ठोकलेली पाती कुणी फेकून देत नाही. ती संपेपर्यंत वापरली जातात. त्यामुळे एकाच चाकूत जुन्या शिक्क्याचं एक पातं आणि नव्या शिक्क्याचं दुसरं, असंही सापडतं. तो ६ सुद्धा दर वेळी हाडाचाच नसतो. १९४० च्या दशकात हाडाच्या जागी खडबडीत काळं कृत्रिम द्रव्य वापरलेल्या मुठींनाही ६ हाच आकडा आहे. पातं बदललेलं असू शकतं. नव्या पात्यावर जुना शिक्का मारून विकणारे महाभाग तर आहेतच. म्हणून शिक्का, मूठ, खिळे, स्प्रिंग, पात्याची झीज या सगळ्यांची साक्ष घ्यायची. साक्षी जुळल्या तरच साल सांगायचं. एका साक्षीदारावर फाशी देऊ नये.

आणि तर्काचा किती खून होतो म्हणून सांगू! अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून शेफील्डच्या चाकूवर 'इंग्लंड' दिसलं तर तो बहुधा त्यानंतरचा, हे ठीक. पण 'इंग्लंड' नाही म्हणून तो १८९० च्या आधीचा, हे कुठलं गणित? ब्रिटनमध्येच विकायच्या मालाला अमेरिकेच्या कायद्याशी काय देणंघेणं? जर-तरची वाक्यं उलटी फिरवता येत नाहीत, हे आपण नववीत शिकलो होतो.

उलट काही शिक्के मात्र पक्की खालची मर्यादा देतात. स्विस चाकूवाले कार्ल एल्सेनर यांनी १९०९ मध्ये आपल्या दिवंगत आईचं, व्हिक्टोरियाचं, नाव मालाला दिलं. १९२१ मध्ये त्याला स्टेनलेस पोलादाचं 'इनॉक्स' जोडलं गेलं आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं. तेव्हा पात्यावर हे पूर्ण नाव असेल, तर तो चाकू पणजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरलेला असणं शक्य नाही, घरातली दंतकथा कितीही गोड असो. नाव म्हणजे बनवणारा, असंही नसतं. 'कीन कटर' हे सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअर या घाऊक व्यापाऱ्यांचं नाव. चाकू कुठल्या कारखान्यातून आला ते वेगळं शोधावं लागतं.

आता घासणारे. आपल्याकडे तर जुनी वस्तू दिसली की चिंच लावून घासायचा संस्कारच आहे. देवाच्या भांड्यांना तो ठीक. चाकू बफिंगच्या चाकावर धरला की आधी गंज जातो, मग कडा गोल होतात, मग शिक्का पुसट होतो आणि शेवटी ठिपके जातात. गंज परत येईल, ठिपका परत येणार नाही. मऊ फडकं आणि तेलाचा थेंब, बस्स. एक काम मात्र पहिल्या तासातच करा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी वेगळ्या काढा. (कापरासारखा वास येतो. काडी ओढून परीक्षा बघू नका, भडकन पेटतं.) सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू बंद डब्यातल्या शेजारच्या पात्यांनाही गंजवतात. आणि चाकू चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नका, ते ओल धरतं.

राहिले वाटणारे. आमच्या इथे एका शेजारच्या आजींचे यजमान गेले. मागे चाकूंचा डबा. ओळखीतल्या एका खरेदीदाराने त्यातले 'चांगले' निवडून नेले. उरलेल्यांतले सात एकाच घाटाचे केसचे होते, ते "सारखेच तर आहेत" म्हणून तीन मुलांत वाटायचे ठरले होते. आजींनी मला बोलावलं ते 'कॉम्प्युटरवर भाव बघून दे' म्हणून. मी ते सात ओळीने मांडले आणि ठिपके मोजले. दहा, नऊ, आठ. मग सहा, पाच. मग तीन, दोन. मधला सात, मधला चार आणि शेवटचा एक गायब. माणसाने १९७० पासून दर वर्षी एक, असे दहा चाकू जमवले होते! ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि एकेक चाकू सुटा बघून कधी कळलंही नसतं. सहा ठिपक्यांच्या चाकूचं पातं धार लावून लावून अर्धं झालेलं. खरेदीदाराने तो 'खराब' म्हणून बाजूला टाकला होता. आजींनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा त्यांच्या खिशात असायचा." भावाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. गेलेले तीन काही परत मिळाले नाहीत.

संग्रहातली अर्धी माहिती वस्तूंत नसते, वस्तूंच्या शेजारात असते. शेजार मोडला की ती गेली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. "अरे, बहुतेक चाकू साधेच असतात, मालकाला विकायचा हक्क आहे, आणि सगळ्यांना कुठे वेळ असतो?" अगदी मान्य. बहुतेक चाकू साधेच निघतात. विका, वाटा, वापरा, कांदा चिरा! पण त्याआधी प्रत्येकाला नंबर द्या. टँगच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डब्यात कोण कुणाशेजारी होता ते लिहा. चिठ्ठ्याचपाट्या फेकू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आजच विचारा. शिक्का शंभर वर्षं टिकतो, आठवण तेवढी टिकत नाही. फोनवरच्या कॅमेऱ्याने हे काम दोन दुपारींत होतं.

पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते आपण आज तिकीट काढून, काचेला नाक लावून बघतो. तेही कधीकाळी कुणाच्या तरी पानाच्या डब्यातलं जुनं लोखंडच होतं. कुणीतरी भाव विचारण्याआधी नीट बघितलं, एवढाच काय तो फरक.

तेव्हा विकायचेच असतील, तर खुशाल विका. पण सोमवारी.