छताची पट्टी आणि भिंतीतला पट्टा
(बी. ए. द्वितीय वर्ष)

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली आहेत. दोन्ही गोष्टींत माणूस हौसेपायी वाहवत जातो आणि मग वर्षानुवर्षे फेडत बसतो, हा त्यातील अनुभव. आज आमच्या हिंगोली जिल्ह्यातील खेड्यांत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे पाणी पिता पिता मान वर करून छताकडे पाहतात. छताला ‘पीओपी’ असली म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. नसली म्हणजे घराला अजून काहीतरी कमी आहे! शेती किती, कर्ज किती, हे नंतर विचारले जाते. पहिला निकाल छतावरून लागतो.

ही पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम नावाचा खडक सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापवून त्याची पूड करतात. आपल्या देशात तो प्रामुख्याने राजस्थानात सापडतो. पॅरिस शहराजवळ त्याच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून हे नाव पडले. पुडीत पाणी मिसळले की काही मिनिटांतच ती घट्ट होते. म्हणून साच्यात ओतून हवी ती वेलबुट्टी काढता येते. भिंत आणि छत जेथे मिळतात तेथे चारही बाजूंनी नक्षीची पट्टी बसवणे, हा तिचा साधा प्रकार. लोखंडी चॅनेल स्लॅबला टांगून खाली दुसरे खोटे छत करणे आणि त्यात रंगीत दिवे सोडणे, हा मोठा प्रकार. त्याला सगळे ‘फॉल सिलिंग’ म्हणतात.

याला खर्च किती येतो? मी आमच्या भागातील तीन कारागिरांना विचारले. साधी पट्टी फुटाला साठ रुपये, नक्षी वाढली की शंभराच्या पुढे. फॉल सिलिंग चौरस फुटाला नव्वद रुपयांपासून सुरू. दहा बाय बाराच्या खोलीला पट्टी चव्वेचाळीस फूट लागते, म्हणजे २,६४० रुपये. हा खर्च मोठा वाटत नाही. पण कारागीर शेवटी हमखास म्हणतो, “पट्टीच करता, मग मधले मोकळे कशाला सोडता?” आणि येथूनच खरा हिशेब सुरू होतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. तेवढ्याला नव्वदच्या भावाने फॉल सिलिंग केले, तर २४,२१० रुपये होतात. पुट्टी, रंग, वायर आणि दिवे वेगळेच. २०१६ साली ही योजना सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १,२०,००० रुपये अनुदान ठरले. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने त्यात ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. मूळ अनुदानाशी ताडून पाहिले, तर त्याचा पाचवा हिस्सा केवळ वर पाहण्यासाठी जातो. मजुरीच्या भाषेत सांगायचे, तर २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने हे छत म्हणजे एका माणसाची जवळजवळ अठ्ठ्याहत्तर दिवसांची मजुरी! हा पैसा अनुदानातून येत नाही. अनुदान तर भिंती उभ्या राहीपर्यंतच संपते. मग तो बचत गटातून, फायनान्सवाल्याकडून किंवा मुकादमाच्या उचलीतून येतो.

कोणी म्हणेल, पैसा ज्याचा त्याचा. तुम्हाला काय त्याचे? प्रश्न केवळ पैशाचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. प्रश्न डोक्यावर काय आहे, याचा आहे.

मराठवाड्याला छताचा इतिहास नव्याने सांगायला नको. आपली जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असतो, हा त्यांचा मोठा गुण. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर माळवदाकडे भीतीनेच पाहिले जाऊ लागले.

आपला जिल्हाही यातून सुटलेला नाही. वसमत आणि कळमनुरी तालुक्यांतील काही गावांत जमिनीतून येणारे गूढ आवाज लोक कित्येक वर्षे ऐकत आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी या भागांत लागोपाठ दोन धक्के बसले, पहिला ४.५ रिश्टरचा, दुसरा ३.६ चा. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का बसला. मार्चच्या धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांना एक साधी सूचना केली होती : घरावरील पत्रे उडू नयेत म्हणून जे दगड ठेवले असतील, ते काढून घ्या. या सूचनेत गरिबाच्या घराची सारी कहाणी आली. पत्रा बांधायला पैसा नाही म्हणून दगड, आणि दगड आहे म्हणून जिवाला धोका!

भूकंपाला तोंड देण्यासाठी वीट-दगडाच्या घराला दारे-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींतून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा असावा, असे अभियंते सांगतात. पेटीला दोरी आवळावी तसा तो भिंतींना एकत्र धरतो. दहा बाय बाराच्या खोलीला तोही साधारण तेवढाच लांब लागतो, जेवढी नक्षीची पट्टी लागते. पण हा पट्टा गिलाव्याखाली झाकला जातो. पाहुण्यांना तो दिसत नाही; म्हणून “सळई महाग झाली, एवढे राहू द्या” असे म्हणून तो गाळला जातो आणि दिसणारी पट्टी मात्र कर्ज काढून बसते. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पीओपीचे आणि ओलीचे वैर आहे. स्लॅब कच्चा असेल तर पहिल्याच पावसाळ्यात नक्षीवर पिवळे डाग पडतात, पापुद्रे सुटतात. शिवाय खोट्या छतामुळे वरची चीर झाकली जाते आणि ती लक्षात येईपर्यंत सळया गंजू लागतात. खोट्या छतामुळे उकाडा थोडा कमी होतो, हे खरे. पण स्लॅबला बाहेरून पांढरा चुना दिला तरी ऊन परतवले जाते, आणि त्याला खर्च फार थोडा येतो.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सौंदर्याची हौस ही काय श्रीमंतांचीच मक्तेदारी आहे? औंढा नागनाथच्या यादवकालीन मंदिरावर दगडात केवढी नक्षी आहे! जुन्या वाड्यांच्या तुळयांवर आणि खांबांवर कोरीव काम असे. ते दगड ज्यांनी वाहिले, त्या तुळया ज्यांनी उचलल्या, त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र धुराने काळे पडलेले आढेच होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दुसऱ्यांची छते सजवली, त्यांना आज आपल्या छताला चार फुले असावीत असे वाटले, तर त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. शहरातील सुशिक्षितांनी तर मुळीच नाही. माझी आई अंगणात रोज रांगोळी काढते. तिच्या मनातील तीच आवड छतापर्यंत पोचली, तर त्यात वावगे काय?

म्हणून नक्षी नको, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे क्रमाचे आहे. आधी पाया, मग भिंतीतला पट्टा, मग न गळणारा स्लॅब, मग हवा खेळती ठेवणारी समोरासमोरची खिडकी, मग संडास आणि मोरी. हे सारे झाल्यावर गाठीला पैसा असेल तर खुशाल नक्षी करावी, आणि तीही हलकी, घट्ट बसवलेली. पलंगाच्या डोक्यावर जड फूल टांगलेली नव्हे. कर्ज काढून मात्र कधीही करू नये.

यात आपल्यासारख्या शिकणाऱ्या मुलामुलींचे काम मोठे आहे. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलाला बांधकामाच्या वेळी वडील विचारतात, “तुला काय वाटते?” त्या वेळी मोबाइलवरील छतांची चित्रे दाखवण्याऐवजी आपण मिस्त्रीला एवढेच विचारावे : पट्टा घातला का? आणि सोयरिकीला गेलो, तर वर छताकडे पाहण्याआधी समोरच्या माणसांकडे पाहावे. पाहुण्यांची नजर खाली आली, तर कित्येक बापांच्या डोक्यावरचे कर्जही खाली येईल.