सांगलीची आहे? पुरातली नाही ना?

"तू मास कॉम केलंयस ना? मग आपल्या गाडीची एक फर्मास जाहिरात लिहून दे." गेल्या दिवाळीत मामाने हे काम माझ्या गळ्यात मारलं. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. चार फोटो, दोन ओळी, खाली मोबाइल नंबर. पण त्या जाहिरातीवरून घरात आठवडाभर भांडण झालं आणि शेवटी मामाला लाख-सव्वा लाखाचा फटका बसला. तरीही मी म्हणते, जाहिरात बरोबर होती. का, ते सांगते. पटलं तर घ्या.

गाडी आजोबांची. काँटेसा क्लासिक, १९९४ ची, पेट्रोल, पांढरी. सांगलीत गावभागातल्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असायची. आपल्या वयाच्या बहुतेकांनी काँटेसा पाहिली असेल ती जुन्या हिंदी सिनेमात, व्हिलनच्या बंगल्यासमोर. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली, ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या एका जुन्या मॉडेलवरून. लांबलचक बॉनेट, रुंद बांधा. म्हणून तिला 'भारताची मसल कार' म्हणतात. खऱ्या अमेरिकन मसल कारमध्ये, म्हणजे १९६४ च्या पाँटिॲक जीटीओसारख्या गाडीत, बॉनेटखाली आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन असायचं. आपल्या काँटेसाला सुरुवातीला मिळालं अँबेसेडरच्या घराण्यातलं १,५०० सीसीचं. अंग पैलवानाचं आणि खुराक कारकुनाचा! पुढे इसुझूचं १,८०० सीसी इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे अंगात जीव आला. २००२ मध्ये गाडी बंद झाली. आमची इसुझूवाली.

आता प्रश्न किमतीचा. भंगारवाला म्हणाला, ४५ हजार, उद्या उचलतो. ओळखीच्या एका एजंटाने दीड लाख सांगितले. आणि माझ्या मामेभावाने इन्स्टावरचं एक रील दाखवलं. तशीच गाडी, तोच रंग, किंमत १२ लाख! घरात लगेच १२ लाखांचा हिशोब सुरू झाला. मामेबहिणीची फी, दुकानाचं कर्ज, आजीचा गुडघा.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. रीलवर दिसते ती मागितलेली किंमत. मिळालेली किंमत कुणी रीलवर टाकत नाही. मागायला काय जातंय? मी पण माझ्या स्कूटीचे पाच लाख मागू शकते.

दुसरी गोष्ट, दुर्मीळ म्हणजे महाग असं नसतं. आजीकडची पितळी चिमणीही दुर्मीळ आहे, पण ती मागणार कोण? जुन्या गाडीची किंमत तीन गोष्टींवर ठरते. मूळ किती शिल्लक आहे, कागद कसे आहेत, आणि ती रस्त्यावर आणायला अजून किती खर्च आहे. चालू स्थितीतल्या गाडीच्या किमतीतून हा खर्च वजा करायचा. काँटेसाचे पार्ट आता नव्याने बनत नाहीत. एक काच किंवा एक टेललॅम्प शोधायला माणूस कुर्ल्याच्या जुन्या बाजारापर्यंत जातो.

हे सगळं समजून घेऊन मी पहिला ड्राफ्ट लिहिला. 'व्हिंटेज काँटेसा, एकहाती वापर, शंभर टक्के ओरिजिनल, कागद क्लिअर.' वाचायला झकास. पण बातमी लिहिताना आम्हाला शिकवलेलं असतं की प्रत्येक दावा तपासायचा. म्हणून तपासायला बसले, तर चार दाव्यांतले तीन खोटे!

'व्हिंटेज' खोटं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज. देशातली पहिली काँटेसासुद्धा २०३४ च्या आधी त्यात बसत नाही. 'कागद क्लिअर' खोटं. आजोबा २०२१ मध्ये गेले, आरसी अजून त्यांच्याच नावावर. ती आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, आणि त्यासोबत बाकीच्या वारसांची, म्हणजे आजीची आणि माझ्या आईची, हरकत नसल्याची सही. शिवाय नोंदणीची मुदत २०२४ मध्ये संपलेली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाला १० हजार रुपये फी आहे, पर्यावरण कर वेगळा.

आणि 'ओरिजिनल'? इथेच खरी अडचण होती. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. मामाचं दुकान गेलं आणि शेडमधली काँटेसा डॅशबोर्डपर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर मामाने चावी फिरवली नाही, ही त्याची हुशारी. मिस्त्रीने आधी ऑइल काढलं, इंजिन धुतलं, म्हणून ते वाचलं. पण वायरिंग बदललं, सीटचं कापड बदललं, आणि खालचा पत्रा आतून कुजायला लागला तो लागलाच. विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे क्लेम नाही. म्हणजे ही गाडी पुरात होती याची एका ओळीची नोंद कुठेही नाही. घरच्यांना आणि मिस्त्रीला माहीत, बस्स.

मामा म्हणाला, "विचारलं तर सांगू. आपण होऊन कशाला?"

माझी एक मैत्रीण साताऱ्यात लॉ करते. तिला फोन केला. ती म्हणाली, तुझ्या मामाच्या बाजूने कायदा आहे, पण थोडाच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात खोड असलेला घोडा विकला आणि विकणारा गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला की 'तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला आहे असं धरतो', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच.

नेमकं तेच घडलं. मामाच्या मित्राने फोटो स्टेटसला टाकले होते. पुण्याहून एकाचा फोन आला. त्याचा पहिला प्रश्न: "सांगलीची आहे? पुरातली नाही ना?" मामा म्हणाला, "गाडी शेडमध्येच असते." खोटं एक अक्षर नाही. समोरचा खूश. साडेतीन लाखांपर्यंत जायची तयारी, रविवारी बघायला येतो म्हणाला.

मला त्या प्रश्नाचाच जास्त राग आला. म्हणजे एमएच-१० नंबर दिसला की संशय! पण मग विचार केला, हा संशय आला कुठून? पुण्याच्या त्या माणसाने तो हवेतून काढलेला नाही. पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून, परफ्यूम मारून विकल्या गेल्या, म्हणून तो आला. ज्यांनी गप्प बसून विकल्या त्यांना पैसे मिळाले. त्याचा दंड आता प्रत्येक सांगलीकर भरतोय, ज्याची गाडी पुराच्या वेळी मिरजेत कोरडी उभी होती तोसुद्धा.

अर्थशास्त्रवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा मोठा वाटा. गाभा सोपा आहे: गाडीतलं खरं फक्त विकणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे घेणारा सगळ्यांनाच खराब धरून भाव पाडतो. भाव पडला की चांगल्या गाडीचा मालक ती विकायलाच काढत नाही. शेवटी बाजारात उरतात खराब गाड्या. आमच्या शेडसमोर उभी राहून मला तो निबंध पहिल्यांदा कळला.

तरी मामा ऐकला असता का? मला नाही वाटत. त्याला ऐकवलं ते आजीने. ती एवढंच म्हणाली, "टेम्पो विसरलास काय रे?" २०२० मध्ये दुकान पुन्हा उभं करताना मामाने एक सेकंडहँड टेम्पो घेतला होता. तीन महिन्यांत वायरिंग जळालं. सीट काढली तर खाली वाळलेला गाळ. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. त्या रात्री मामा जेवला नव्हता, हे आजीला आठवत होतं. मामालाही आठवत असणार. सकाळी त्याने पुण्याला फोन लावला आणि सांगून टाकलं. तो माणूस थँक्यू म्हणाला, आणि रविवारी आला नाही.

मग मी जाहिरात परत लिहिली. 'काँटेसा क्लासिक १.८, १९९४. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात डॅशबोर्डपर्यंत पाणी. इंजिन मूळचं, नंबर आरसीशी जुळतो. वायरिंग आणि सीट बदललेले. खालचा पत्रा कुजलेला, फोटो जोडलाय. नोंदणी संपलेली, वारस नोंद सुरू आहे.' कुजक्या पत्र्याचा फोटो पाहून मामेभावाने कपाळाला हात लावला.

दहा-बारा फोन आले, बरेचसे टाइमपास. शेवटी साताऱ्याहून एक बाप-लेक आले, स्वतःचं गॅरेज असलेले. मुलगा आपल्याच वयाचा. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला, कार्पेट उचललं, स्टेपनीचा खड्डा बघितला, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ शोधली. वर येऊन बापाला म्हणाला, "जाहिरातीत आहे तसंच आहे." व्यवहार झाला दोन लाख वीस हजारांना, सगळे कागद झाल्यावर ताबा.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे खरं सांगून फायदा झाला. नाही. तोटाच झाला. साडेतीन लाखांची आशा होती, सव्वादोनही हातात आले नाहीत. मामा अजून चिडवतो, "तुझी जाहिरात सव्वा लाखाला पडली." मामेबहिणीच्या फीला थोडं कर्ज काढावंच लागलं. ते मला टोचतं, खोटं कशाला बोलू? पण तो सव्वा लाख आमचा नव्हताच. तो त्या पुण्याच्या माणसाच्या खिशातून, त्याच्या न कळण्यातून येणार होता. जसे टेम्पोचे पैसे मामाच्या खिशातून गेले.

आणि गाडीवरचे डाग म्हणजे दर वेळी नुकसानच, असंही नाही. १९६८ च्या 'बुलिट' सिनेमातली मस्टँग एका अमेरिकन कुटुंबाने १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. खुद्द हिरो स्टीव्ह मॅक्वीनने ती परत मागणारं पत्र लिहिलं, तरी दिली नाही. २०२० मध्ये ती लिलावात गेली तेव्हा ३४ लाख डॉलरची बोली लागली, गंज, ओरखडे, विटलेला रंग यांच्यासकट. चकचकीत करून आणली नव्हती. गाडी तीच आहे हे सिद्ध करणारे पुरावे आणि ती पत्रं मात्र जपून ठेवलेली होती.

काँटेसा सगळ्यांच्या घरी नसेल. पण आरएक्स १०० आहे ना? १९९६ मध्ये बंद झालेली ही गाडी आजही साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांच्या पार्किंगमध्ये भाव खाते. तुमच्यातलाच कुणीतरी 'भावा, कागद नंतर बघू' म्हणत ती घेतो आणि कुणीतरी विकतो. घेणाऱ्याने चासी नंबर आरसीशी जुळवावा, नुसत्या टाकीवरच्या स्टिकरवर जाऊ नये. विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. गाडी विकून वर्ष झालं तरी नाव बदललं नसेल, तर अपघाताच्या भरपाईसाठी दार तुमचंच वाजेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. घरातली जुनी गाडी विकायला काढाल तेव्हा घरचे जाहिरात लिहायला तुम्हालाच सांगणार, कारण फोटो काढणं आणि पोस्ट टाकणं आपल्याकडेच असतं. तेव्हा 'शोरूम कंडिशन' टाइप करायच्या आधी कार्पेट उचलून बघा. जे दिसेल ते पहिल्या ओळीत लिहा. दोन पैसे कमी येतील. पण पुढच्या वेळी एमएच-१० पाहून कुणी विचारलं, "पुरातली नाही ना?" तर "होती, आणि काय काय बदललंय त्याची ही यादी," असं सांगणारे चार लोक तरी आपल्याकडे हवेत.

गेल्या महिन्यात त्या गॅरेजवाल्या मुलाचा मेसेज आला. नवा पत्रा मारलाय, रंग बाकी आहे. सोबत एक फोटो होता. दाराच्या आतल्या बाजूला पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ त्याने पुसलेली नाही. खाली मार्करने तारीख लिहिलीये, आमच्या गावभागात लोक भिंतीवर लिहितात तशी. मी मामाला दाखवला. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "रेघ दोन बोटं खाली काढलीये त्याने. पाणी अजून वर होतं. त्याला सांग."