सबक रोजचा, परीक्षा वर्षाची

मार्च जवळ आला की कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूरच्या मोहल्ल्यांत पुस्तके उघडतात. जागरणे होतात, झेरॉक्सच्या नोट्स फिरतात, अम्मी दुआ मागते, मोठा भाऊ दम देतो. निकाल लागला की एकच वाक्य ऐकू येते: "पोराचं डोकंच नाही अभ्यासात." हे वाक्य आता बंद झाले पाहिजे. डोके आहे, नाही ती सवय.

ही सवय आपल्याला परकी नाही. हिफ्ज करणारे मूल तीस पारे एका रात्रीत पाठ करत नाही. रोजचा थोडा नवा भाग म्हणजे सबक, मागच्या काही दिवसांचा भाग म्हणजे सबकी आणि जुना भाग फिरून फिरून म्हणायचा ती मंझिल. तेही उस्तादांसमोर, न पाहता. चुकले की तिथेच दुरुस्ती.

शिकलेले पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने निसटते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये मोजून दाखवले. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिलेले आठवड्यानंतर अधिक लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांना 2006 मध्ये आढळले. आपल्या मकतबांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मग शाळेच्या दप्तरालाच ही शिस्त का नको? गणित अर्थातच घोकायचे नसते. पण आजची दोन नवी उदाहरणे, कालची दोन आणि मागच्या महिन्यातले एक, वही न पाहता सोडवायला काय हरकत आहे?

अडचणी खऱ्या आहेत. अब्बा पहाटेच्या लोकलने सुमारे 100 किलोमीटरवरच्या मुंबईला जातात किंवा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर असतात. कित्येक घरांत आईवडील उर्दूतून शिकले आणि मूल मराठी किंवा इंग्रजी माध्यमात आहे. त्यांना धडा समजावता येत नाही, यात त्यांचा दोष नाही. इथेच तुमची, म्हणजे घरातल्या मोठ्या भावाबहिणींची गरज आहे. शिकवायलाच हवे असे नाही. मगरिबनंतर एक तास सोबत बसा. पुस्तक मिटायला लावा आणि विचारा, "आज काय शिकलास, मला सांग." त्या तासाला टीव्ही बंद आणि तुमचाही मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि बहीण अभ्यासाला बसली असेल तर चहासाठी तिला उठवू नका. स्वतः उठा.

आठवीतल्या मुलांसाठी या तासाचे मोल रुपयांतही मोजता येते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3.5 लाखांच्या आत हवे. निवड झाली आणि पुढच्या वर्गांतले गुण टिकवले, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 गुणांचे दोन पेपर असतात. पैशाअभावी दहावीनंतर गॅरेजच्या वाटेला लागणाऱ्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. पण फॉर्म भरण्याची तारीख निघून गेल्यावर हळहळून काय उपयोग?

या आठवड्यात तुमच्या गल्लीत आठवीत कोण आहे ते शोधा. त्याच्या किंवा तिच्या शाळेत जाऊन फॉर्मची चौकशी करा. आणि आज मगरिबनंतर पहिला सबक ऐका.